मातीला मोजमाप देणारे कार्ल टर्झागी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात एखादा कारखाना किंवा गृहसंकुल उभे राहणार असले, की पाया खणण्याआधी तेथे जमिनीला भोक पाडून मातीचे नमुने काढणारे यंत्र येते. वरचा काळ्या मातीचा थर किती, मुरूम कोठे लागतो, त्याखाली खडक किती खोल आहे, याची नोंद होते. काही दिवसांनी हाती पडणाऱ्या अहवालात या जमिनीवर दर चौरस मीटरला किती भार टाकता येईल, याचा आकडा असतो. असा आकडा काढण्याची शास्त्रीय रीत ज्यांनी घालून दिली, त्या कार्ल टर्झागी यांचे नाव स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सूत्राच्या रूपाने पाठ असते. सूत्रामागचा माणूस मात्र फारसा कोणाच्या परिचयाचा नाही.

टर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. वडील लष्करी अधिकारी असल्याने मुलाचे शालेय शिक्षणही लष्करी वसतिगृहांतच झाले. पुढे ग्राझच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली, ती १९०४ मध्ये. तेथे त्यांची दंगामस्ती इतकी वाढली होती, की एकदा हकालपट्टीची वेळ आली आणि एका प्राध्यापकांनी रदबदली केल्यामुळेच ती टळली. यंत्रांपेक्षा त्यांचे मन भूशास्त्रात अधिक रमत असे. सक्तीच्या लष्करी सेवेच्या वर्षात त्यांनी भूशास्त्रावरील एका इंग्रजी पुस्तकाचे जर्मन भाषांतर पूर्ण केले.

त्यानंतरची काही वर्षे क्रोएशियातील जलविद्युत प्रकल्प आणि रशियातील बांधकामे यांवर गेली. या कामांत एक विसंगती त्यांना सतत खुपत राहिली. पुलाच्या एकेका तुळईवरचा ताण काटेकोर गणिताने काढला जाई. पण ज्या मातीवर पूल उभा राहणार, तिच्याविषयीचे निर्णय हस्तपुस्तिकेतील ढोबळ कोष्टकांवर सोपवले जात. मऊ चिकणमाती असेल तर इतका भार, घट्ट असेल तर तितका! १९१२ मध्ये ते अमेरिकेत गेले. धरणांच्या जागा पाहत, प्रसंगी मजुरी करत दोन वर्षे हिंडले आणि मातीच्या वर्तनाचे नियम सापडतील या आशेने नोंदी गोळा करत राहिले. नोंदींचा ढीग झाला, नियम काही सापडला नाही. ते निराश होऊन परतले.

भंगारातील प्रयोगशाळा

पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१६ मध्ये, त्यांचे जुने प्राध्यापक फिलिप फोर्शहाइमर यांच्या बोलावण्यावरून ते इस्तंबूलच्या अभियांत्रिकी शाळेत शिकवण्यासाठी गेले. युद्धात तुर्कस्तान आणि ऑस्ट्रिया हे दोन्ही दोस्त देश हरले आणि ही नोकरी सुटली. त्याच शहरातील रॉबर्ट कॉलेज या अमेरिकी संस्थेत त्यांना आसरा मिळाला. हाती पैसा नव्हता, उपकरणे नव्हती. महाविद्यालयाच्या भंगारातील वस्तू आणि सिगारच्या खोक्यांतून त्यांनी मातीची परीक्षा घेणारी साधने स्वतःच जुळवली. आधुनिक मृदा यांत्रिकीचा जन्म या ओढगस्तीत झाला.

तेथे त्यांनी जे शोधले, ते समजायला घरातला चक्का पुरेसा आहे. फडक्यात बांधलेल्या दह्यावर वजन ठेवले, की ते दही लगेच दबत नाही. आधी भार पेलते ते आतले पाणी. पाणी जसजसे झिरपून जाते, तसतसा भार दह्याच्या घट्ट भागावर येतो आणि गोळा बसत जातो. पाण्याने भरलेल्या चिकणमातीचेही असेच असते. इमारतीचे वजन सुरुवातीला कणांमधील पाणी तोलून धरते. कणांवर प्रत्यक्ष येणारा दाब, म्हणजे एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून उरलेला दाब, हाच मातीची ताकद आणि खचणे ठरवतो. वाळूतून पाणी झटकन निघते, तर चिकणमातीतून निघायला वर्षानुवर्षे लागतात. त्यातही थराची जाडी दुप्पट झाली, की लागणारा वेळ चौपट होतो. बांधून झाल्यावर पाच-दहा वर्षांनी इमारती का कलतात, या जुन्या कोड्याचे उत्तर त्यातून मिळाले. या प्रक्रियेचे समीकरण १९२३ मध्ये आणि संपूर्ण ग्रंथ १९२५ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीने त्यांना बोलावून घेतले. तेथेच त्यांची भेट भूशास्त्रज्ञ रूथ डॉगेट यांच्याशी झाली. १९३० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले आणि पुढे टर्झागी यांच्या लेखनाच्या संपादनात रूथ यांचा मोठा वाटा राहिला.

व्हिएन्नातील वाद

१९२९ मध्ये टर्झागी व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात प्राध्यापक झाले. कीर्तीच्या या शिखरावरच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कटू प्रसंग ओढवला. त्याच विद्यापीठात यांत्रिकी शिकवणारे पॉल फिलुंगर यांनी १९३६ च्या अखेरीस एक पुस्तिका छापून टर्झागी यांच्या शास्त्रावर आणि सचोटीवरही जहाल हल्ला चढवला. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. टर्झागी आणि त्यांचे सहकारी फ्रोलिख यांनी लेखी उत्तर दिले. समितीचा कौल टर्झागी यांच्या बाजूने झुकला आणि मार्च १९३७ मध्ये फिलुंगर व त्यांच्या पत्नी यांनी जीवन संपवले.

विजेत्याच्या चरित्रात फिलुंगर यांची नोंद बहुधा खलनायक म्हणून होते. ती अन्यायाची आहे. धरणांतील पाण्याच्या दाबावर त्यांनी १९१३ पासून केलेले काम टर्झागी यांच्या विचाराच्या अगदी जवळ जाणारे होते आणि त्या वादग्रस्त पुस्तिकेतील गणिताला पुढे सच्छिद्र पदार्थांच्या अभ्यासकांनी मान दिला. चूक होती ती भाषेची आणि व्यक्तिगत आरोपांची. तिची किंमत फार भयंकर ठरली.

नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर, १९३८ मध्ये, टर्झागी अमेरिकेत परतले आणि हार्वर्डशी जोडले गेले. शिकागोत मऊ चिकणमातीतून भुयारी रेल्वेचे बोगदे खणले जात होते. सल्लागार होताना जागेवरच प्रयोगशाळा हवी, अशी अट त्यांनी घातली आणि तिची जबाबदारी राल्फ पेक या तरुण अभियंत्यावर आली. वरच्या इमारती किती खचतात, हे सतत मोजून खालचे काम बेतले जाऊ लागले.

उथळ पायांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे त्यांचे सूत्र १९४३ च्या ग्रंथातील. लांब पट्टीच्या पायाखाली मऊ, ओली चिकणमाती असेल, तर तिच्या चिकटपणाच्या साधारण ५.७ पट दाबाला ती फुटते. त्याला तीनने भागून सुरक्षित आकडा काढण्याचा प्रघात आहे. यातील एक गोष्ट अनेक बांधकाम व्यावसायिकांना आजही पटत नाही. अशा मातीवर पाया रुंद केल्याने दर चौरस मीटरची क्षमता वाढत नाही. उलट, रुंद पायाचा दाब अधिक खोल थरांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच फूटभर रुंदीच्या लोखंडी पाटावर भार टाकून घेतलेली चाचणी फसवी ठरू शकते, हे टर्झागी आकृत्या काढून सांगत. पाटाखालची हातभर माती घट्ट निघते आणि इमारत मात्र चार मीटर खालच्या मऊ थरामुळे खचते. उथळ पायांसाठीच्या आयएस ६४०३ या भारतीय मानकातही त्यांच्या सूत्राचीच पुढे सुधारलेली मांडणी आहे.

चाकण परिसरात मात्र हे शास्त्र एका वेगळ्या मातीशी येऊन भिडते. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली काळी माती वर्षभर पाण्याने भरलेली नसते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. येथे धोका केवळ खचण्याचा नसतो, वर उचलले जाण्याचाही असतो. त्यामुळे अवजड इमारतीपेक्षा कुंपणाची भिंत, बैठे घर, गोदामाची फरशी यांना आधी तडे जातात. घराच्या मध्यभागी ओल टिकते, कडेची माती वाळते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. चक्क्याचे उदाहरण येथे अपुरे पडते. काळा थर पातळ असेल तेथे तो खणून मुरमावर पाया बसवणे, हा या भागातील जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय. थर खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घेतले जातात. ती पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने भारतात रुजवली. न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर वर दाबून फुगवटा रोखण्याचा मार्ग आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवला. प्रत्येक जागेची माती स्वतः पाहावी, सूत्रावर विसंबू नये, हा टर्झागी यांचाच आग्रह या दोन्ही कामांत पुढे चालू राहिलेला दिसतो.

उतारवयात ते अधिकच हट्टी झाले. इजिप्तमधील अस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. सोव्हिएत अभियंत्यांशी आराखड्यावरून मतभेद झाल्यावर १९५९ मध्ये त्यांनी ते पद सोडले. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे नॉर्मन पदक त्यांना चार वेळा मिळाले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात दबणाऱ्या चिकणमातीच्या थरावर मिशन धरण बांधण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. १९६५ मध्ये त्या धरणाला त्यांचे नाव देण्यात आले.