३ हजारांहून जास्त कीटकांना नावं देणारा माणूस, जो शेवटी मनोरुग्णालयात वारला

कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात 'ट्रायकोकार्ड' हा शब्द शेतकऱ्यांना नवा नाही. एका जाड कागदावर तांदळाच्या पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली असतात. कार्ड कापायचं आणि पट्ट्या उसाच्या पानांच्या मागच्या बाजूला टाचायच्या. थोड्या दिवसांत त्या अंड्यांतून पतंग नाही, तर अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी बाहेर पडते.

ही माशी माणसाला चावत नाही. ती खोडकिड्याची अंडी शोधते आणि त्यात आपलं अंडं घालते. खोडकिड्याची अळी जन्माला यायच्या आधीच खेळ संपतो.

अशा माश्यांना परोपजीवी म्हणतात. पण ऊ किंवा गोचीड जसं नुसतं रक्त पितात, तसं यांचं नाही. यांचं पिल्लू यजमानाला संपवूनच मोठं होतं.

आता गंमत अशी की ट्रायकोकार्डमधल्या या माशीला भारतात बरीच वर्षं ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम म्हणत होते. ते नाव चुकीचं निघालं. ते कसं, हे पुढे येईलच. पण ज्याने हे नाव ठेवलं, त्या माणसाचं आयुष्य त्याहून विचित्र होतं.

त्याचं नाव अलेक्झांडर आर्सेन जिरॉल्ट.

अमेरिकेचा गडी ऑस्ट्रेलियात पोहोचला

जिरॉल्टचा जन्म १८८४ चा, अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिसचा. शिक्षण व्हर्जिनियात झालं. कीटकशास्त्रात काही वर्षं नोकरी केल्यावर १९११ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला गेला. केर्न्स शहराजवळच्या नेल्सन या गावात त्याला काम मिळालं. आज हे गाव गॉर्डनव्हेल म्हणून ओळखलं जातं.

काम होतं उसाचं. तिथल्या उसाच्या मुळ्या हुमणीसारख्या अळ्या खायच्या आणि त्यावर उपाय शोधायचा होता. पण जिरॉल्टचं लक्ष भलतीकडेच गेलं. आजूबाजूच्या जंगलात आणि खिडकीच्या काचेवरसुद्धा त्याला ठिपक्याएवढ्या गांधीलमाश्या दिसायला लागल्या. या गटाला कॅल्सिड म्हणतात. त्यातल्या बहुतेक माश्या विज्ञानाला माहीतच नव्हत्या.

मग त्याने सपाटाच लावला. १९१२ पासून क्वीन्सलँड म्युझियमच्या नियतकालिकात ऑस्ट्रेलियाच्या कॅल्सिड माश्यांवर त्याची लेखमाला सुरू झाली. एकेका भागात ढीगभर नव्या प्रजाती असायच्या. ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम हे नावही त्याच वर्षीचं.

नवी प्रजाती 'वर्णन' करायची म्हणजे काय?

नवा कीटक सापडला की नाव ठेवून मोकळं होता येत नाही. आधी तो खरंच नवा आहे का, हे माहीत असलेल्या सगळ्या प्रजातींशी ताडून बघावं लागतं. मग मिश्यांचे भाग मोजायचे, पंखांवरचे केस बघायचे, जबड्याचे दात मोजायचे. हे सगळं लिहून छापावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक नमुना जपून ठेवावा लागतो. त्याला 'टाइप' म्हणतात. पुढे कधी शंका आली, तर शब्दांपेक्षा त्या नमुन्यावर भरवसा ठेवतात.

अर्ध्या मिलिमीटरच्या माशीचं डोकं वेगळं करायचं, काचपट्टीवर दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मिश्या मोजायच्या. जिरॉल्टने हे आयुष्यभर केलं, तेही बहुतेक वेळा एकट्याने.

सगळ्यांशी भांडण

१९१४ मध्ये तो अमेरिकेला परतला आणि वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत लागला. तिथे मन रमलं नाही. १९१७ मध्ये पुन्हा क्वीन्सलँड गाठलं.

त्याचा राग एका गोष्टीवर होता. निसर्ग समजून घेण्यासाठी कीटकांचा अभ्यास करायचा, असं तो मानायचा. पिकाचा नफा वाढवण्यासाठी कीड मारण्याचं शास्त्र म्हणजे विज्ञान बाजारात विकणं, असं त्याचं ठाम मत होतं. अडचण एवढीच होती की त्याला पगार देणारे सगळे याच दुसऱ्या कामाचे पैसे देत होते.

तो ही मतं शोधनिबंधातच लिहायला लागला. माशीच्या वर्णनाच्या मध्येच सहकाऱ्यांना टोमणे, नाहीतर स्वतःच्या कविता. संपादकांनी छापायला नकार दिला. मग त्याने स्वतःच्या खिशातून पत्रकं छापायला सुरुवात केली. घरात पैशांची चणचण, नोकरी गेली, परत मिळाली, पुन्हा गेली. पत्रकं मात्र थांबली नाहीत.

१९२० च्या एका पत्रकात त्याने कहर केला. इलिंगवर्थ नावाच्या कीटकशास्त्रज्ञावर त्याचा राग होता. म्हणून 'शिलिंग्सवर्थिया शिलिंग्सवर्थी' नावाची माशी त्याने जाहीर केली. या माशीला डोकं नव्हतं, पोट नव्हतं, सावलीही नव्हती, आणि ती म्हणे गुरू ग्रहावर सापडली होती. नावात इंग्रजी पैसाही घुसवला होता. नियमानुसार काल्पनिक प्राण्याचं नाव धरलं जात नाही, त्यामुळे ती बाद आहे.

ज्यांच्यावर प्रेम होतं, त्यांच्यासाठीही त्याच्याकडे माश्याच होत्या. गोएथेआना शेक्सपिअरी आणि मोझार्टेला बीथोव्हेनी या दोन्ही माश्या त्याच्याच. या खऱ्या आहेत.

शेवट

१९३१ मध्ये त्याची पत्नी वारली. पदरात मुलं होती. त्यानंतर त्याची मानसिक अवस्था ढासळत गेली. १९४१ च्या मे महिन्यात ब्रिस्बेनजवळच्या गुडना इथल्या मनोरुग्णालयात तो वारला. तोपर्यंत त्याने ३ हजारांहून जास्त नव्या प्रजाती आणि वंश नोंदवले होते.

मागे राहिला तो गोंधळ. त्याची कित्येक वर्णनं दोन-चार ओळींची होती. एकाच काचेखाली अनेक माश्या होत्या. कुठे डोकं एका पट्टीवर आणि धड दुसरीकडे होतं. पण एक गोष्ट त्याने केली होती. नमुने जपले होते आणि त्यातले बरेचसे क्वीन्सलँड म्युझियममध्ये होते.

तिथल्या एडवर्ड डॅम्स यांनी १९७८ ते १९८६ या काळात हे नमुने एकेक करून लावले आणि त्यांची यादी छापली. जिरॉल्टची खाजगी पत्रकं १९७९ मध्ये अमेरिकेत एकत्र छापली गेली. १९८८ मध्ये बूचेक यांनी या भागातल्या कॅल्सिड माश्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात जिरॉल्टची शेकडो नावं जागेवर बसली.

मग ट्रायकोकार्डचं काय?

ट्रायकोग्रामाच्या प्रजाती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखताच येत नाहीत. १९७० च्या दशकात बेंगळुरूमध्ये सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी नरांच्या जननेंद्रियांची रचना बारकाईने तपासली. प्रजातींमधला फरक तिथे दिसतो. भारतात ज्या माशीला ऑस्ट्रॅलिकम म्हणत होते, ती वेगळी निघाली. आज तिला ट्रायकोग्रामा किलोनिस म्हणतात. योगायोग म्हणजे किलोनिस हे नाव जपानमध्ये इशी यांनी ठेवलं ते साल १९४१ होतं, जिरॉल्ट गेला तेच.

नाव बदललं तर शेतकऱ्याला काय फरक पडतो? पडतो. प्रत्येक प्रजातीची कीड वेगळी, तिला मानवणारं हवामानही वेगळं. चुकीची माशी सोडली तर कार्डाचे पैसे पाण्यात.

बरोबर नाव असलं की काय होतं, हे ताहितीत दिसलं. तिथे १९९९ मध्ये रस शोषणारा एक परदेशी तुडतुडा शिरला. तो एवढा वाढला की झाडाखाली उभं राहिलं तर त्याची पाण्यासारखी विष्ठा अंगावर पडायची. २००५ मध्ये त्याची अंडी खाणारी दोन मिलिमीटरहून लहान गांधीलमाशी तिथे सोडली. काही महिन्यांतच तुडतुडे ९० टक्क्यांहून जास्त कमी झाले.

त्या माशीचं वर्णन ९० वर्षांपूर्वी, १९१५ मध्ये छापलं गेलं होतं. वर्णन करणारा होता जिरॉल्ट. ज्या कामावर तो आयुष्यभर चिडत राहिला, त्याच कामाला त्याची माशी आली.