जॉन डनलप: मुलाच्या तीनचाकीपासून आपल्या पिकअपच्या टायरपर्यंत

संत्र्यांच्या सीझनला नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये पिकअपची रांग लागते. एखाद्या गाडीचे टायर नीट बघा. बऱ्याचदा पुढचे कडांना जास्त घासलेले दिसतात, मागचे वेगळ्याच पद्धतीने. असं का होतं, हे कळायला आधी हवेचा टायर रस्त्यावर आणणाऱ्या माणसाची गोष्ट बघू.

जॉन बॉईड डनलप यांचा जन्म 1840 मध्ये स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी झाला. ते जनावरांचे डॉक्टर. 1867 मध्ये ते बेलफास्टला आले आणि तिथे त्यांचा जम बसला. गाड्यांशी त्यांचा तसा काही संबंध नव्हता.

त्यांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. चाकांना भरीव रबर, रस्ता दगडांचा, नुसते गचके. 1887 च्या सुमारास डनलप यांनी रबराची नळी बनवली, लाकडी चकतीभोवती कापडाने घट्ट बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग सायकलचं जुनं चाक आणि हे नवं चाक अंगणात सोडून बघितलं. नवं चाक बरंच लांब गेलं! कारण सोपं आहे. दगड आला की भरीव चाक स्वतःच वर उचललं जातं, हवेचा टायर मात्र तेवढ्यापुरता दबतो. त्यामुळे ताकद कमी वाया जाते.

1888 मध्ये पेटंट मिळालं. 1889 मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने हेच टायर लावून बेलफास्टला शर्यती जिंकल्या आणि मागणी वाढली. पण लवकरच कळलं की रॉबर्ट थॉमसन यांनी 1845 मध्येच अशा टायरचं पेटंट घेतलं होतं. डनलप यांचं पेटंट रद्द झालं. पुढे ते कंपनीतूनही बाहेर पडले. कंपनी जगभर पसरली, पण त्यातून त्यांना फार पैसा मिळाला नाही. 1921 मध्ये डब्लिनला त्यांचं निधन झालं.

आता आपल्या पिकअपकडे येऊ. गचके हवा झेलते, पण झिजतं रबर. पुढची चाकं वळतात आणि ब्रेकचा मोठा भार घेतात, म्हणून त्यांच्या कडा जातात. मागची चाकं माल वाहतात आणि गाडी ढकलतात. म्हणून साधारण दर 8 ते 10 हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदलायच्या. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये मागचे टायर सरळ पुढे आणा. पुढचे मागे नेताना डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नका, फक्त पुढे-मागे करा. नंतर हवा तपासा, कारण पुढचं आणि मागचं प्रेशर वेगळं असतं.

खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली, की जागा बदलून उपयोग नाही. टायरच बदला. नागपूरच्या मे महिन्यात, भरलेल्या गाडीत, घासलेल्या टायरवर समृद्धी महामार्गाला लागणं जिवावर बेतू शकतं.