दारू सोडून परत मिळवलेले जगज्जेतेपद

बुद्धिबळाच्या इतिहासात जगज्जेतेपद नावावर असतानाच मरण पावलेला एकच खेळाडू आहे. त्यांचे नाव अलेक्झांडर अलेखिन. त्यांचे डाव आजही नव्या खेळाडूंना शिकवले जातात. पण त्यांचे आयुष्य बुद्धिबळ न खेळणाऱ्यांनीही समजून घेण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे शनिवारी रात्री पत्ते किंवा कॅरम मांडला की सोबत बिअरच्या बाटल्याही येतात, त्यांनी तर नक्कीच.

अलेखिन यांचा जन्म १८९२ मध्ये मॉस्कोतील एका श्रीमंत कुटुंबात झाला. बुद्धिबळाची गोडी घरातच लागली. रशियन क्रांतीनंतर १९२१ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पॅरिसला घर केले. त्या काळच्या युरोपात बुद्धिबळ हा क्लबइतकाच कॅफेतला खेळ होता. टेबलावर पट, शेजारी पेला, भोवती मित्र आणि सिगारेटचा धूर, अशा वातावरणात डाव रात्री उशिरापर्यंत रंगत. खेळ आणि पिणे यांची सांगड तिथे कोणाला खटकत नसे.

१९२७ मध्ये ब्यूनस आयर्स येथे त्यांनी अजिंक्य समजल्या जाणाऱ्या कापाब्लांका यांना हरवले. ही लढत अडीच महिने चालली. ३४ डावांपैकी २५ बरोबरीत सुटले. १९३३ मध्ये शिकागोत त्यांनी पटाकडे न पाहता एकाच वेळी ३२ जणांशी खेळ केला. ३२ पटांवरची प्रत्येक सोंगटी केवळ मनात धरून ठेवणे हे मेंदूच्या स्मरणशक्तीचे अचाट उदाहरण आहे. अशा मेंदूला दारू काय करणार, असे कोणालाही वाटेल. बहुधा त्यांनाही तसेच वाटत असावे.

१९३५ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांच्यासमोर उभे राहिले मॅक्स युवे. युवे हे गणिताचे शिक्षक. शाळा सांभाळून खेळणारे, शिस्तीचे गृहस्थ. अलेखिन सहज जिंकतील असाच सर्वांचा अंदाज होता. पहिल्या ९ डावांनंतर ते ६-३ असे पुढेही होते. मग मात्र गाडी घसरली. पुढच्या ५ डावांत युवे यांनी ३ विजय मिळवले. २१व्या डावाला अलेखिन दारू पिऊन आले, अशी नोंद आहे. तो डाव ते हरले. अखेर ३० डावांनंतर १५.५ विरुद्ध १४.५ अशा निसटत्या फरकाने जगज्जेतेपद गेले.

पराभवाचे सगळे खापर दारूवर फोडणे मात्र योग्य नाही. युवे उत्तम खेळले होते. अलेखिन यांची दृष्टी कमजोर होती आणि चष्मा वापरणे त्यांना आवडत नसे. त्यामुळेही त्यांचा तोल गेल्यासारखा दिसे, असे युवे यांनी पुढे सांगितले. अॅमस्टरडॅमच्या ज्या हॉटेलात अलेखिन उतरले होते, तिथे पाहुण्याला मद्य फुकट मिळत होते, हेही त्यांनीच सांगितले. फुकटची दारू आणि हातात असलेली आघाडी ही जोडी पिणाऱ्यासाठी धोक्याचीच.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने इथे एक बारकावा आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेले कौशल्य थोड्या दारूने लगेच पुसले जात नाही. आधी बिघडतो तो निर्णय. मेंदूचा पुढचा भाग योजना आखतो, मोह आवरतो, समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेतो. मद्याने हे काम ढिले पडते. शिवाय आपली क्षमता कमी झाली आहे हे ओळखणारी यंत्रणाही त्याच वेळी मंदावते. म्हणून पिणाऱ्याला वाटते की आपण आज विशेष चांगले खेळतो आहोत. पत्त्यांच्या डावात यातून फार तर चार रुपये जातात. त्यानंतर मोटारसायकलला किल्ली लावली, तर जीव जातो.

अलेखिन यांच्या कथेतील सर्वांत मोलाचा भाग पुढे आहे. पराभवानंतर त्यांनी परतीच्या लढतीची तयारी करताना दारू आणि तंबाखू दोन्ही सोडले. १९३७ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. अलेखिन यांनी १० डाव जिंकले, ४ हरले आणि १५.५ विरुद्ध ९.५ अशा मोठ्या फरकाने पद परत मिळवले. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. मद्य थांबवल्यावर झोप, एकाग्रता आणि स्मरणशक्ती काही आठवड्यांत, महिन्यांत बऱ्याच अंशी सुधारते, हे आज ठाऊक आहे. उशीर झाला म्हणून प्रयत्नच सोडावा, असे कोणतेही वय नसते.

पण ध्येय गाठले आणि पेला परत आला. व्यसनाचे हे नेहमीचे वळण आहे. एखाद्या स्पर्धेपुरती, श्रावणापुरती किंवा नवसापुरती सोडलेली दारू मुदत संपताच दुप्पट जोमाने परतते. पुढे दुसरे महायुद्ध आले. जर्मनांच्या ताब्यातील युरोपात अलेखिन खेळत राहिले. १९४१ मध्ये त्यांच्या नावाने ज्यूविरोधी लेख छापून आले. युद्धानंतर त्यामुळे स्पर्धांची दारे बंद झाली, आमंत्रणे मागे घेतली गेली. पटाभोवतीची माणसे पांगली.

२४ मार्च १९४६ रोजी पोर्तुगालमधील एस्टोरिल येथील हॉटेलच्या खोलीत ते खुर्चीत मृतावस्थेत आढळले. वय ५३. अंगात ओव्हरकोट, समोर जेवणाच्या बशा, जवळ बुद्धिबळाचा पट. मांसाचा तुकडा श्वासमार्गात अडकून गुदमरल्याने मृत्यू, असे अधिकृत कारण नोंदले गेले. काहींना हृदयविकाराचा संशय आला. या मृत्यूचा दोष थेट दारूला देता येणार नाही. तरीही मद्याने गिळण्याची आणि ठसका लागण्याची प्रतिक्रिया मंदावते आणि घास अडकण्याचा धोका वाढतो, हे प्रत्येक पार्टीत ध्यानात ठेवावे.

राहिला प्रश्न बिअरचा. ती तर हलकी, असे अनेकजण मानतात. हिशेब करून पाहावा. ८ टक्के मद्य असलेल्या ६५० मिलीलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध मद्य असते, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीलिटरचे चार पेग. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्याचा निचरा करते. म्हणजे एका बाटलीला किमान चार तास लागतात. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही.

खेळताना हात सतत पेल्याकडे जातो आणि मोजदाद सुटते. डाव सुरू होण्यापूर्वीच मर्यादा ठरवावी, आधी जेवावे, परतीच्या वाहनाची सोय करावी, आणि न पिणाऱ्या मित्राला आग्रह करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम स्वतःच्या मनाने दारू बंद करू नये. हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे गंभीर त्रास होऊ शकतात. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात यावर उपचार होतात. दारू सोडता येते, हे अलेखिन यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. सुटलेली टिकवण्यासाठी लागणारा आधार त्यांना मिळाला नाही. आज तो मिळू शकतो.