सर गिल्बर्ट वॉकर

वळसंगच्या काळ्या रानांतून समुद्र दिसत नाहीं. तथापि या रानांवर पडणारा पाऊस समुद्रावरूनच येतो. तो कोणत्या वर्षीं भरपूर पडेल व कोणत्या वर्षीं दगा देईल, हें आगाऊ कळावें म्हणून ज्यांनीं आपल्या आयुष्यांतील वीस वर्षें वेंचलीं, त्या सर गिल्बर्ट वॉकर यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजीं इंग्लंडांतील रॉचडेल या गांवीं झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत शिकत असतां १८८९ सालीं गणिताच्या परीक्षेंत ते पहिले आले व सीनियर रँग्लर झाले. फेंकल्यावर परत हातीं येणाऱ्या बूमरँगच्या गतीचें गणित मांडण्याचा त्यांस विलक्षण छंद होता. हवामानशास्त्राचें शिक्षण मात्र त्यांनीं घेतलेलें नव्हतें. असें असूनहि १९०४ सालीं हिंदुस्थानांतील वेधशाळांचे प्रमुख म्हणून शिमला येथें त्यांची नेमणूक झाली.

काम अवघड होतें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत लक्षावधि माणसें मेलीं. त्यानंतर हिमालयावरील बर्फावरून पावसाचा अंदाज बांधण्याचा उपक्रम सुरू झाला. परंतु १८९९ सालीं चांगल्या पावसाचा अंदाज साफ खोटा ठरून पुन्हां घोर दुष्काळ पडला. तेव्हां आधीं तर्क न बांधतां आंकड्यांसच विचारावें, असा मार्ग वॉकर यांनीं धरला. देशोदेशींच्या हवेचा दाब, उष्णता व पाऊस यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यांनीं जमविल्या. आजचे संगणक तेव्हां नव्हते; कचेरींतील हिंदी लेखनिकांनीं हातानें आकडेमोड करून हें काम पार पाडलें.

त्या आंकड्यांच्या राशींतून एक नवल बाहेर आलें. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला, कीं हिंदी महासागरावर तो बहुधा उतरतो. आणि तिकडे उतरला, कीं इकडे चढतो. जणूं दोन महासागर एकाच प्रचंड तराजूचीं पारडीं! यास त्यांनीं दक्षिणी आंदोलन असें नांव दिलें. आपल्याकडील दाब चढला, म्हणजे पावसास ओढ लागण्याचा संभव असतो.

१९२४ सालीं ते स्वदेशीं परतले. पावसाचें खात्रीचें भविष्य सांगण्याचा त्यांचा हेतु पुरता सफल झाला नाहीं, आणि ही मर्यादा त्यांनीं लपविली नाहीं. दोन महासागरांच्या या नात्याचें कारणहि सांपडलेलें नव्हतें, म्हणून कित्येक विद्वान् त्याविषयीं साशंक होते. ४ नोव्हेंबर १९५८ रोजीं वॉकर निवर्तले.

पुढें १९६९ सालीं याकोब बियर्कनेस या शास्त्रज्ञांनीं तें कोडें उलगडलें. पेरू देशाच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागराचें पाणी कांहीं वर्षीं फार तापतें. नाताळच्या सुमारास येणाऱ्या उष्ण प्रवाहास तेथील कोळी बाळ येशूवरून एल निनो म्हणत. पाणी असें तापलें, कीं पूर्वेचे वारे मंदावतात आणि तराजू कलतो. या वाऱ्यांच्या चक्रास बियर्कनेस यांनीं वॉकर यांचेंच नांव दिलें. महाराष्ट्रांतील १९७२ चा दुष्काळ एल निनोच्या वर्षींच पडला. तथापि १९९७ सालीं एल निनो अतिप्रबळ असूनहि देशांत पाऊस सुमारें सरासरीइतका झाला. अर्थात् कोडें अद्यापि पुरतें सुटलेलें नाहीं.

वेधशाळांची मुख्य कचेरी १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आली. त्या जागेस लोक अजूनहि शिमला ऑफिस म्हणतात. पुण्यास गेल्यावर विद्यार्थ्यांनीं ती इमारत पाहावी, आणि प्रामाणिकपणें केलेली बेरीज कधीं वायां जात नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.