विरोधी बाकांवरचे बाबासाहेब

भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले आहे. महाडचा सत्याग्रह, लंडनची गोलमेज परिषद, संविधानसभा हे त्यांच्या जीवनातील टप्पेही अनेकांना परिचित असतात. परंतु संविधानाच्या मसुद्याचे काम हाती येण्यापूर्वी, १९२७ ते १९३९ या काळात, ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचे सदस्य होते. त्या काळात त्यांना मंत्रिपद मिळाले नाही. त्यांच्या पाठीशी बहुमतही कधी नव्हते. तरीही शेतकरी, कामगार, स्त्रिया आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जनतेचे प्रश्न त्यांनी ज्या अभ्यासाने व चिकाटीने सभागृहापुढे मांडले, त्यातून लोकशाहीतील विरोधकाचे काम काय असते याचा एक आदर्श उभा राहिला.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. अस्पृश्यतेचे चटके सोसत बाबासाहेबांनी सातारा व मुंबई येथे शालेय शिक्षण घेतले. १९१२ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ मध्ये ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले व ते बॅरिस्टरही झाले. १९२३ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सरकारचा पैसा कोठून येतो, तो कोणावर खर्च होतो आणि कराचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या ज्ञानाचा उपयोग करण्याची संधी त्यांना लवकरच मिळाली.

त्या काळी भारतात ब्रिटिशांचे राज्य होते. १९१९ च्या कायद्याने प्रांतांच्या कारभाराचा काही भाग विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपविण्यात आला होता. शिक्षण, आरोग्य यांसारखी खाती मंत्र्यांकडे होती. वित्त, पोलीस, जमीन महसूल ही महत्त्वाची खाती मात्र गव्हर्नरने स्वतःच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवली होती. या पद्धतीला द्विदल राज्यपद्धती असे म्हणतात. मुंबई प्रांतात तेव्हा कोकण, देश व खानदेश यांच्यासह गुजरातचा काही भाग, कर्नाटकातील काही जिल्हे आणि सिंध यांचा समावेश होता. या प्रांताच्या विधिमंडळावर सरकारने बाबासाहेबांची नेमणूक केली आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. सरकारने नेमलेल्या सदस्याने सरकारची बाजू घ्यावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असे. बाबासाहेबांनी ती पहिल्याच अधिवेशनात दूर सारली.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी करपद्धतीतील अन्याय दाखवून दिला. प्राप्तिकर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्याला लागत नसे. शेतसाऱ्याचे तसे नव्हते. पीक येवो अथवा बुडो, जमीन एक एकर असो वा शंभर एकर, शेतकऱ्याला सारा भरावाच लागे. व्यापारी व नोकरदार यांना जी सवलत आहे ती गरीब शेतकऱ्याला का नसावी, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता.

त्यानंतर १२ मार्च रोजी त्यांनी शिक्षणावरील खर्चाचा विषय घेतला. त्यांनी सभागृहापुढे ठेवलेले आकडे अंतर्मुख करणारे होते. प्राथमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचत. उरलेली ८२ मुले शाळा सोडून पुन्हा निरक्षरतेच्या अंधारात जात. शिक्षणाचा प्रसार याच गतीने होत राहिला, तर सर्व मुलगे शाळेत येण्यास ४० वर्षे आणि सर्व मुली येण्यास ३०० वर्षे लागतील, हा सरकारी अहवालातील हिशेबही त्यांनी सांगितला. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करीत होते आणि दारूवरील करातून मात्र दरडोई दोन रुपये, दोन आणे, नऊ पै मिळवीत होते. तेव्हा रुपयाचे सोळा आणे होत. म्हणजे लोकांकडून दारूपायी जे घेतले जाई, त्याच्या निम्मेसुद्धा त्यांच्या शिक्षणासाठी परत दिले जात नव्हते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणासाठी द्या, अशी त्यांची मागणी होती.

या भाषणाला आठ दिवस झाले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी हजारो अनुयायांसह प्राशन केले. त्या घटनेचा विधिमंडळाशी जवळचा संबंध होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही त्यास अनुसरून तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात मात्र तेथे कोणी पाण्याला स्पर्श करू शकत नव्हते. ठराव कागदावर राहू नये, यासाठी लोकांनाच पुढे यावे लागते, हे महाडने दाखवून दिले. या तळ्याविषयीचा न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

१९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. गावातील महारांना पिढ्यान्‌पिढ्या सरकारी कामे करावी लागत. निरोप पोहोचविणे, टपाल नेणे, अधिकाऱ्यांच्या दिमतीला राहणे, अशी ती कामे होती. मोबदल्यात जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळणारे धान्य, म्हणजे बलुते, एवढेच हाती पडे. काम सरकारचे आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर, अशी ही स्थिती होती. ज्यांना या बंधनातून मोकळे व्हायचे असेल त्यांना पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी आणि जे काम करतील त्यांना रोख मोबदला मिळावा, असा विधेयकाचा आशय होता. सभागृहात त्यास विरोध झाला आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले.

याच सुमारास गिरण्या व कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना प्रसूतिकाळात रजा व भत्ता देण्याचे विधेयक सभागृहापुढे आले. जुलै १९२८ मध्ये बाबासाहेबांनी त्याला भक्कम पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे. म्हणून तिचा खर्च मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे मत होते. परंतु स्त्रियांच्या श्रमातून मालकाचा फायदा होत असल्याने त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, असे त्यांनी पटवून दिले. १९२९ मध्ये हा कायदा मुंबई प्रांतात संमत झाला.

१९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धती संपली व प्रांतांना अधिक व्यापक स्वायत्तता मिळाली. निवडणुका जवळ आल्या तेव्हा, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले व त्यांतील बहुतेक निवडून आले. तथापि १७५ सदस्यांच्या विधानसभेत हे संख्याबळ अल्पच होते. बाळ गंगाधर खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि बाबासाहेब विरोधी बाकांवर बसले.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला मध्यस्थ असे. तो कुळांकडून वसुली करी, ठरलेला सारा सरकारला भरी आणि उरलेले उत्पन्न स्वतःकडे ठेवी. अनेक ठिकाणी कुळांना वेठबिगारही करावी लागे. अलिबागजवळील चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेते न कसण्याचा संप चालविला होता. खोतांना योग्य भरपाई द्यावी आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळावा, असे बाबासाहेबांचे विधेयक सांगत होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या विधानभवनावर गेला. त्यात निरनिराळ्या जातींचे शेतकरी खांद्याला खांदा लावून चालत होते. मुख्यमंत्र्यांनी शिष्टमंडळाची भेट घेतली. पण विधेयक पुढे सरकले नाही.

त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलहासंबंधीचे विधेयक आणले. तडजोडीचे सर्व टप्पे पार पडण्यापूर्वी केलेला संप हा गुन्हा ठरणार होता. काम थांबविणे हा फार तर कराराचा भंग होईल. पण त्यासाठी तुरुंगात धाडणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय, आणि त्यालाच गुलामी म्हणतात, असा युक्तिवाद बाबासाहेबांनी केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांनी एक दिवसाचा संप पाळला. एरवी मतभेद असलेले साम्यवादी पुढारीही त्या दिवशी त्यांच्या बरोबर होते. बहुमताच्या बळावर विधेयक मात्र संमत झाले. त्याच आठवड्यात संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा, असा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विधानसभेचे काम थांबले. मतमोजणीच्या हिशेबाने पाहिले तर बाबासाहेबांच्या पदरी या काळात बहुधा पराभवच आला होता. पण विधिमंडळात मांडलेला प्रश्न मतदानाबरोबर संपत नाही. तो नोंदला जातो, लोकांपर्यंत पोहोचतो आणि पुढच्या सभागृहापुढे पुन्हा उभा राहतो. खोती पद्धती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. महार वतनांसह गावकामगारांची कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेले संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. त्यातील अनुच्छेद १५ ने सार्वजनिक विहिरी व तलाव सर्वांना खुले केले, अनुच्छेद ४२ ने प्रसूतीविषयक साहाय्याची तरतूद करण्यास राज्याला सांगितले आणि अनुच्छेद ४५ ने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्क झाला.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९९० मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सन्मान देण्यात आला. मुंबई विधिमंडळातील त्यांची भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या पानांत रागाच्या शब्दांपेक्षा आकडे, दाखले आणि तर्क अधिक आढळतात. सत्ता नसतानाही लोकांचे भले कसे साधता येते, याची ती साक्ष आहे. शाळेतून गळालेल्या त्या ८२ मुलांची नोंद सभागृहात झाली. कारण त्यांच्या वतीने हिशेब मागणारा एक सदस्य तेथे उभा होता.