केरूनाना छत्रे : चुकीच्या मुळाशी जाणारे शिक्षक



आता सहावी-सातवीची मुलं स्क्रॅचवर कोडिंग करतात. उत्तर चुकलं की बरीच मुलं शेवटची ओळ बदलून ते जुळवून टाकतात. उत्तर जुळतं, पण चूक आतच राहते. चूक नेमकी कुठे सुरू झाली ते शोधणं म्हणजे डीबगिंग. आमच्या सोयगावच्या मुलांना हे समजावताना केरो लक्ष्मण छत्रे यांचं चरित्र फार उपयोगी पडतं.

केरूनानांचा जन्म १८२४ साली अलिबागजवळच्या नागावचा. तरुणपणी ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला लागले. तिथे रोज मोजायचं, लिहायचं आणि ताडून पाहायचं, ही सवय लागली. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते.

त्या काळी महाराष्ट्रातली पंचांगं मुख्यतः ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० च्या सुमारास रचला. ठरावीक आकडे घ्या, पायरीपायरीने गुणा-भागा, की ग्रहाचं स्थान मिळतं. म्हणजे तो एक प्रोग्रामच! पण तीनशे वर्षांनी गणित आणि आकाश जुळेना. ग्रहणाची वेळ मागेपुढे होई.

मग चूक कुठे? गुणाकार-भागाकार बरोबर होते. चूक होती सुरुवातीला धरलेल्या आकड्यांत. जुन्या गणितातलं वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठं होतं. एका वर्षात हा फरक कुणाला कळणार? पण तो साठत जातो आणि ४०० हून थोड्या जास्त वर्षांत अख्खा एक दिवस होतो.

केरूनानांनी आलेल्या उत्तराला ठिगळ लावलं नाही. पाश्चात्त्य वेधांचा आधार घेऊन त्यांनी मूळ आकडेच बदलले आणि १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ काढला. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवं पंचांग सुरू झालं. तेच पटवर्धनी पंचांग.

खरी अडचण पुढेच आली. रेवतीच्या ताऱ्यापासून राशीचक्र मोजल्यामुळे संक्रांत सुमारे चार दिवस आधी आली. अधिक महिनाही काही वेळा वेगळा येऊ लागला. म्हणजे सण, उपवास, मुहूर्त सगळंच हललं! बहुतेकांनी जुनंच पंचांग धरून ठेवलं. एक आकडा बदलला की त्यावर उभं असलेलं सगळं बदलतं, हे कोडिंगमध्येही खरं आहे. १८८४ साली केरूनाना गेले. पुढे त्यांच्या शिष्याने, म्हणजे टिळकांनी, ही सुधारणा उचलून धरली. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती महिनाभर आधी बसतात, त्याचं मूळ इथे आहे.

वर्गात करून पाहा : पाच पायऱ्यांचं एक उदाहरण द्या आणि सुरुवातीचा एक आकडा मुद्दाम चुकवा. मुलांना प्रत्येक पायरीचं उत्तर लिहायला सांगा. आधी मधली पायरी तपासायची. ती बरोबर असेल तर चूक पुढे, नसेल तर मागे किंवा तिथेच. आणि सगळ्या पायऱ्या बरोबर निघाल्या तर? तर घेतलेला आकडाच तपासायचा.

घरी मुलाचं गणित चुकलं तर पालकांनीही लगेच उत्तर सांगू नये. ‘कुठपर्यंत बरोबर आहे, दाखव बरं’ एवढंच विचारावं.