इतरांनी सोडलेल्या इमारतींचा मालक : मोहनसिंग ओबेरॉय

ओबेरॉय हे नाव आज ऐश्वर्याशी जोडले जाते. मात्र या कौटुंबिक हॉटेल समूहाचा पाया नव्या, भव्य वास्तू उभारून घातला गेलेला नाही. जुन्या मालकांना नकोशी झालेली, बंद पडलेली किंवा अनिश्चित काळात विक्रीला निघालेली हॉटेले ताब्यात घेत तो वाढला. संस्थापक रायबहादूर मोहनसिंग ओबेरॉय यांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक मोठे वळण अशाच एखाद्या इमारतीच्या दारात आलेले दिसते.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ रोजी तत्कालीन पंजाबातील झेलम जिल्ह्यातल्या भौन या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. मूल सहा महिन्यांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि आईने त्याला वाढवले. शिक्षण रावळपिंडी व लाहोर येथे झाले, पण पैशांअभावी ते अर्धवट राहिले. लाहोरमध्ये काकांच्या पादत्राणांच्या कारखान्यात मिळालेले कामही टिकले नाही, कारण तो कारखानाच बंद पडला. अखेर १९२२ मध्ये हा विवाहित तरुण नोकरीच्या शोधात शिमल्याला पोहोचला.

शिमला ही त्या वेळी ब्रिटिश सरकारची उन्हाळी राजधानी होती आणि सेसिल हे तेथील अग्रगण्य हॉटेल. तेथे दरमहा ५० रुपयांवर मोहनसिंग कारकून झाले. पाहुण्याच्या नजरेला हॉटेलचा दिवाणखाना पडतो, कारकुनाच्या नजरेला त्याचे हिशेब पडतात. पैसा कोठून येतो, कोठे झिरपतो आणि कोणत्या चुकीमुळे पाहुणा पुन्हा फिरकत नाही, हे ज्ञान त्यांनी येथे मिळवले. सेसिलचे व्यवस्थापक क्लार्क यांनी स्वतःचे हॉटेल चालवायला घेतले, तेव्हा त्यांनी या कष्टाळू सहकाऱ्यालाही सोबत नेले. हेच शिमल्याचे क्लार्क्स हॉटेल. पुढे क्लार्क यांनी मायदेशी परतण्याचे ठरवले आणि हॉटेल विक्रीला निघाले.

खरेदीसाठी लागणारी रक्कम मोहनसिंग यांच्याजवळ नव्हती. त्यांनी आपली मालमत्ता आणि पत्नी इशरांदेवी यांचे दागिने गहाण ठेवले व १९३४ मध्ये क्लार्क्सची मालकी मिळवली. व्यवहार फसला असता तर मुलाबाळांचे घर उघड्यावर आले असते. इशरांदेवींचा वाटा दागिन्यांपुरता नव्हता. हॉटेलसाठी लागणारा भाजीपाला व मांस पती-पत्नी स्वतः बाजारातून निवडून आणत, त्यामुळे स्वयंपाकघराचा खर्च आटोक्यात राहिला. कौटुंबिक मालकीचा अर्थ या घरात असा पहिल्या दिवसापासून ठरला : नफ्याआधी जोखीम वाटून घ्यावी लागली.

याहून मोठी परीक्षा कलकत्त्यात झाली. चौरंगीवरील सुमारे ५०० खोल्यांचे ग्रँड हॉटेल शहराचे भूषण मानले जाई. मात्र तिसाव्या दशकात साथीच्या रोगाने तेथील काही पाहुणे दगावले, सांडपाण्याच्या व्यवस्थेवर संशय आला आणि हॉटेलला टाळे लागले. ज्या वास्तूचे नाव मृत्यूशी जोडले गेले, ती चालवायला घेण्यास कोण धजावणार? मोहनसिंग यांनी १९३८ मध्ये ती भाडेपट्ट्याने घेतली, दुरुस्त केली आणि तिची दारे पुन्हा उघडली. लवकरच दुसरे महायुद्ध पेटले. कलकत्ता लष्करी हालचालींचे केंद्र बनले आणि सैनिकांच्या मुक्कामामुळे ग्रँडच्या खोल्या भरू लागल्या. १९४३ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया या कंपनीवर त्यांनी नियंत्रण मिळवले. ज्या सेसिलमध्ये त्यांनी ५० रुपयांवर चाकरी केली, ते या कंपनीच्याच मालकीचे होते. दिल्लीचे मेडन्स, लाहोरचे फलेटीज, रावळपिंडीचे फ्लॅशमन्स आणि पेशावरचे डीन्स ही हॉटेलेही या व्यवहाराने त्यांच्या हाती आली.

चार वर्षांत देशाची फाळणी झाली. लाहोर, रावळपिंडी व पेशावरची हॉटेले सीमेपलीकडे राहिली आणि पुढे समूहाच्या हातून गेली. ओबेरॉय यांचे जन्मगाव तर आधीच परक्या देशात गेले होते. नुकसान मोठे होते, पण विस्तार थांबला नाही. १९४९ मध्ये ईस्ट इंडिया हॉटेल्स ही कंपनी स्थापन झाली. १९५९ मध्ये समूहाने विमानप्रवाशांना भोजन पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला, जो भारतात नवा होता.

नव्या बांधकामाचे पर्व त्यानंतर ठळक झाले. १९६५ मध्ये दिल्लीत इंटरकॉन्टिनेन्टल या अमेरिकी साखळीच्या सहकार्याने आधुनिक हॉटेल उभे राहिले. १९७३ मध्ये मुंबईत समुद्र हटवून तयार केलेल्या नरिमन पॉइंटच्या जमिनीवर ३५ मजल्यांचे ओबेरॉय शेरेटन सुरू झाले. इमारती वाढल्या तशी प्रशिक्षित माणसांची निकड वाढली. एका कुटुंबाची नजर प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचणे आता शक्य नव्हते. म्हणून १९६६ मध्ये समूहाने हॉटेल व्यवस्थापनाचे स्वतःचे विद्यालय काढले. खोल्यांच्या देखभालीच्या कामावर स्त्रियांना नेमण्याचा निर्णयही ओबेरॉय यांनी घेतला. त्या काळात भारतीय हॉटेलांत ही कामे पुरुषच करत असत. याच काळात ते संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्यही राहिले.

घराण्याच्या मालकीचा भार उतारवयातही त्यांच्या खांद्यावरून पूर्णपणे उतरला नाही. व्यवसायात बरोबरीने उभे राहिलेले ज्येष्ठ पुत्र तिलकराज यांचे १९८४ मध्ये, पित्याच्या हयातीतच निधन झाले. धाकटे पुत्र पृथ्वीराज यांनी समूहाची धुरा पुढे नेली. मोठ्या नूतनीकरणानंतर १९९७ मध्ये सेसिल पाहुण्यांसाठी पुन्हा खुले झाले, तेव्हा तेथील एकेकाळचा कारकून नव्याण्णव वर्षांच्या घरात होता.

२००१ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. ३ मे २००२ रोजी वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दागिने गहाण ठेवून घेतलेले शिमल्याचे क्लार्क्स त्या दिवशीही ओबेरॉय कुटुंबाच्याच समूहात होते.